कै. खाशाबा जाधव

आमच्या ऐरोलीच्या शाळेंत दर वर्षीं क्रीडोत्सव होतो. शर्यती होतात, कबड्डी व खो-खो यांचे सामने होतात, आणि सायंकाळीं विजयी मुलांस बक्षिसें वांटलीं जातात. मागील उत्सवाच्या दुसऱ्या दिवशीं, मुलांचा उत्साह अद्याप ओसरला नव्हता तोंच, आम्हीं वर्गांत एक साधा प्रश्न विचारला. स्वतंत्र भारतास ऑलिंपिक सामन्यांत पहिलें वैयक्तिक पदक कोणीं मिळवून दिलें, हा तो प्रश्न. उत्तरें पुष्कळ आलीं. कोणीं नीरज चोप्रांचें नांव घेतलें, कोणीं पी. व्ही. सिंधूंचें, कोणीं अभिनव बिंद्रांचें. योग्य नांव मात्र एकाच्याही तोंडून निघालें नाहीं.

विशेष हें कीं, त्या वर्गांतील कितीतरी मुलांचें मूळ गांव सातारा जिल्ह्यांत आहे. त्यांचे वडील अगर आजोबा माथाडी कामासाठीं मुंबईस आले व पुढें नव्या मुंबईंत स्थायिक झाले. मे महिन्याच्या सुटींत हीं मुलें एस. टी.नें कऱ्हाडास उतरतात आणि तेथून आपापल्या गांवीं जातात. ज्या पुरुषाविषयीं आम्हीं विचारलें, त्याचें गांव कऱ्हाडाहून पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. इतक्या जवळून दर वर्षीं जाणाऱ्या मुलांस त्याचें नांवही ठाऊक असूं नये, याचें आम्हांस वाईट वाटलें. विचार करतां असें दिसून आलें कीं, दोष मुलांचा नाहीं, शिकविणारांचा आहे. तो थोडाबहुत दूर व्हावा एवढ्यासाठीं कै. खाशाबा दादासाहेब जाधव यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

खाशाबांच्या कामगिरीचें मोल समजण्यासाठीं त्यांच्यापूर्वीची हकीकत थोडी माहीत असली पाहिजे. ऑलिंपिक सामने हे मूळचे प्राचीन ग्रीक लोकांचे. अर्वाचीन काळांत १८९६ सालीं अथेन्स येथें त्यांचें पुनरुज्जीवन झालें. १९०० सालीं पॅरिस येथें कलकत्त्यास जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड या धांवपटूनें दोन रौप्यपदकें मिळविलीं, व तीं भारताच्या नांवावर मांडलीं जातात. परंतु आपल्या देशांतून निवडून पाठविलेला असा संघ प्रथम गेला तो १९२० सालीं, बेल्जममधील अँटवर्प येथें. त्याचें श्रेय सर दोराबजी टाटा यांस आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील शर्यतींत अनवाणी धांवणारे खेडुत पाहून त्यांस वाटलें कीं, हीं माणसें युरोपांतील धांवपटूंच्या बरोबरीस येतील. त्यांनीं खटपट केली, पदरचा पैसा खर्च केला, आणि चार धांवपटू व दोन मल्ल असा सहा जणांचा संघ परदेशीं गेला. त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. त्यांनीं मॅरेथॉनच्या लांब शर्यतींत एकोणिसावा क्रमांक मिळविला. मल्ल रणधीर शिंदे यांचा कुस्तींत चौथा क्रमांक आला. पदक केवळ एका पायरीनें हुकलें. पुढें १९२८ पासून भारताच्या हॉकी संघानें सुवर्णपदकांची परंपराच निर्माण केली. परंतु ती सांघिक कीर्ति होती. एकट्यानें मैदानांत उतरून पदक आणणारा भारतीय अद्याप व्हावयाचा होता.

तो झाला एका शेतकऱ्याच्या घरीं. सातारा जिल्ह्यांत कृष्णा व कोयना यांच्या संगमावर कऱ्हाड हें जुनें शहर आहे. त्याला लागूनच गोळेश्वर नांवाचें खेडें आहे. तेथें १५ जानेवारी १९२६ रोजीं खाशाबांचा जन्म झाला. पांच भावांत ते सर्वांत धाकटे. त्यांचे वडील दादासाहेब हे स्वतः नांवाजलेले मल्ल होते, व घरांत कुस्तीचें वातावरण होतें. बाळपणींच वडिलांनीं मुलास लंगोट बांधून लाल मातींत उतरविलें. त्या काळीं आपल्या खेडोपाडीं तालीम ही एक प्रकारची शाळाच होती. पहांटे उठणें, जोर-बैठका काढणें, आखाड्याची माती खणणें, वडील मल्लांच्या पायां पडून मगच जोडीशीं झुंजणें, हा तिचा अभ्यासक्रम. जत्रेंतील फडांत नारळासाठीं अगर चार पैशांच्या इनामासाठीं लढणें ही तिची परीक्षा. खाशाबांनीं ही परीक्षा लहान वयांतच दिली व पुष्कळदां उत्तीर्ण केली.

त्यांचें माध्यमिक शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत झालें. ते या शाळेंत असतांनाच १९४२ सालची चळवळ पेटली. सातारा जिल्हा त्या चळवळींत किती पुढें होता व क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारानें तेथें काय केलें, हें आमच्या वाचकांनीं इतिहासांत वाचलेंच असेल. सोळा वर्षांचे खाशाबाही त्यापासून अलिप्त राहिले नाहींत. भूमिगत कार्यकर्त्यांस आसरा देणें, त्यांचीं पत्रकें पोंचविणें, अशीं कामें त्यांनीं केलीं. पुढें देशासाठीं परदेशच्या मैदानावर झुंजण्याची जी ओढ त्यांच्या ठायीं दिसून आली, तिचें बीज आम्हांस या दिवसांत दिसतें.

शाळेचें शिक्षण संपवून ते कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत गेले. कोल्हापूर म्हणजे मल्लांचें माहेरघर. राजर्षि शाहू छत्रपतींनीं कुस्तीस उदार आश्रय दिला, तालमी चालविल्या, आणि १९१२ सालीं खासबागेंत हजारो प्रेक्षकांस एकाच वेळीं कुस्ती दिसावी असें भव्य मैदान बांधविलें. अशा नगरींत खाशाबांस बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांच्यासारखे वस्ताद लाभले. तथापि आरंभीं त्यांच्या वांट्यास उपेक्षाच आली. त्यांची अंगकाठी लहान, उंची साडेपांच फुटांच्या आंतच. कॉलेजच्या क्रीडोत्सवांत भाग घेण्यास ते गेले, तेव्हां खेळाच्या शिक्षकांनीं त्यांच्या शरीराकडे पाहून नांव घेण्यास नकार दिला. खाशाबा निराश होऊन परतले नाहींत व रागावलेही नाहींत. ते सरळ प्राचार्यांकडे गेले व एक संधि मागितली. संधि मिळाली, आणि त्यांनीं आपल्याहून थोराड मल्लांस लोळविलें. अंगबळाची उणीव ते चपळाईनें व डावांच्या ज्ञानानें भरून काढीत. ढाक हा त्यांचा विशेष आवडता डाव; प्रतिस्पर्ध्याची मान कवेंत घेऊन त्यास क्षणार्धांत पाठीवर टाकण्यांत त्यांचा हातखंडा होता.

या तरुण मल्लाची निवड १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिक सामन्यांसाठीं झाली. देश स्वतंत्र होऊन जेमतेम एक वर्ष झालें होतें. कोल्हापूरच्या महाराजांनीं त्यांच्या प्रवासाच्या खर्चाचा भार उचलला. लंडनास पोंचल्यावर मात्र खाशाबांपुढें अशी एक अडचण उभी राहिली, जिची कल्पना घरीं बसून येणें कठीण आहे. आपली कुस्ती मातींतली. ती माती चाळून, तींत तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली असते. अनवाणी पाय तींत घट्ट रोवतां येतात. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीस लागली म्हणजे कुस्ती निकाली झाली. तोंवर घटका गेली तरी कोणी थांबवीत नसे. ऑलिंपिकमधील कुस्ती गादीवरची. तेथें पायांत बूट, वेळेची मर्यादा, आणि चीतपट न झाल्यास पंचांच्या मतांवरून निर्णय. मातींत वाढलेल्या मल्लाचा पाय गादीवर तसा रोवत नाहीं. शिवाय नियम नवे व डाव नवे. खाशाबांनीं अशा गादीवर पूर्वीं कधीं कुस्ती केली नव्हती.

अशा स्थितींत रीस गार्डनर नांवाच्या अमेरिकन कुस्तीगिरानें त्यांस गादीवरच्या कुस्तीचे धडे दिले. दिवस थोडे होते. तरीही ५२ किलो वजनाच्या गटांत खाशाबांनीं ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांस पराभूत केलें. पुढें इराणच्या मल्लाकडून ते हरले व त्यांचा सहावा क्रमांक लागला. बाविसाव्या वर्षीं, न शिकलेल्या विद्येंत, जगांतील सहावा क्रमांक! दुसरा एखादा एवढ्यावर संतुष्ट झाला असता व जन्मभर तेंच सांगत बसला असता. खाशाबांनीं त्याचा अर्थ निराळा घेतला. पांच जण आपल्या पुढें आहेत, त्यांस गांठावयाचें आहे, असा त्यांनीं निश्चय केला.

पुढील चार वर्षें त्यांनीं कसून मेहनत केली. वजन वाढवून ते ५७ किलोच्या गटांत आले. हा गट अधिक कठीण होता व त्यांत जगांतील नामांकित मल्ल होते. मेहनत चालू असतां १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकची निवड जवळ आली. मद्रासेस झालेल्या कुस्त्यांत पंचांच्या गुणदानामुळें आपणांवर अन्याय झाला असें खाशाबांस वाटलें. अशा वेळीं माणूस एक तर हताश होतो, नाहीं तर शिव्याशाप देत बसतो. खाशाबांनीं कॉलेजांत केलें होतें तेंच पुन्हां केलें. ते वरिष्ठांकडे गेले व आणखी एक संधि मागितली. पतियाळाचे महाराज त्या वेळीं भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्याकडे दाद मागितल्यावर पुन्हां कुस्ती झाली, आणि खाशाबांनीं ती जिंकून आपली निवड निर्विवाद केली.

निवड झाली, पण जाण्यास पैसा नव्हता. फिनलंडपर्यंतचा प्रवास, राहणें, कपडेलत्ते, हें सर्व कोणीं करावयाचें? स्वतंत्र देशाची तिजोरी रिकामी होती, आणि खेळ ही तिच्या दृष्टीनें अगदीं शेवटची गरज होती. सरकारी मदत गरजेच्या मानानें तोकडी पडली. खाशाबा दारोदार फिरले. गोळेश्वरच्या व कऱ्हाडच्या लोकांनीं यथाशक्ति वर्गणी दिली. ज्यांच्या घरीं स्वतःस पुरेसें नव्हतें, त्यांनींही थोडें कांहीं हातावर ठेवलें. तरीही रक्कम भरेना.

तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं जें केलें तें आम्हांस या चरित्रांतील सर्वांत मोठी गोष्ट वाटते. त्यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकलें व सात हजार रुपये उभे करून आपल्या विद्यार्थ्याच्या हातीं दिले. आमच्या वाचकांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. ज्याच्यासाठीं घर गहाण पडलें, तो विद्यार्थी पूर्वीं सहावा आला होता. आतां तो पहिल्या तिघांत येईल याची हमी कोणीही देऊं शकत नव्हतें. तो रिकाम्या हातीं परतला असता, अगर पहिल्याच कुस्तींत हात मोडून घेतला असता, तरी कर्ज व त्यावरील व्याज चुकलें नसतें. आम्ही स्वतः शिक्षक आहों. शिक्षकाच्या आयुष्यांत घर ही काय वस्तु असते, किती वर्षांच्या काटकसरीनें तें उभें राहतें, हें आम्ही जाणतों. तें एका मुलाच्या गुणांवर विसंबून पणास लावण्याचें धैर्य आमच्यांत असतें का, हा प्रश्न आम्हीं स्वतःस विचारून पाहिला, आणि त्याचें उत्तर देण्याचें धाडस आम्हांस झालें नाहीं.

१९५२ च्या जुलै महिन्यांत हेलसिंकी येथें सामने सुरू झाले. उत्तरेकडील त्या देशांत उन्हाळ्यांत रात्रींही अंधार नीट पडत नाहीं. आपल्याकडचेच मल्ल केशव माणगांवे हेही भारतीय संघांत होते. खाशाबांनीं कॅनडाच्या एद्रियां पोलिकें यांस हरविलें, मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तो यांस हरविलें व जर्मनीच्या मल्लासही नमविलें. आतां पदक दृष्टीच्या टप्प्यांत आलें. पुढची झुंज जपानच्या शोहाची इशिई यांच्याशीं पडली. ती लांबत गेली. दोघेही तुल्यबळ, दोघेही चिवट. अखेर इशिई यांस विजय मिळाला.

खाशाबा थकून गादीवरून उतरले न उतरले तोंच त्यांस सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशीं लढण्यास बोलावणें आलें. दोन कुस्त्यांच्या मध्यें अर्ध्या तासाची विश्रांति मिळावी असा नियम होता. परंतु तो नियम पंचांस दाखवून आपल्या मल्लाची बाजू मांडण्यास तेथें कोणी भारतीय अधिकारी हजर नव्हता. खाशाबांस परकी भाषेंत वाद घालणें शक्य नव्हतें. श्रमलेल्या शरीरानें ते पुन्हां गादीवर उभे राहिले आणि हरले. विश्रांति मिळाली असती तर निकाल निराळा लागला असता कीं काय, हें कोणासही सांगतां येणार नाहीं. पण ती त्यांस मिळावयास हवी होती, हें मात्र निश्चित.

२३ जुलै १९५२ रोजीं निकाल लागला. इशिई यांस सुवर्ण, मामेदबेकोव्ह यांस रौप्य, आणि खाशाबा जाधव यांस कांस्यपदक. म्हणजे ज्या दोघांकडून ते हरले तेच त्यांच्या वर होते, इतर सर्व खालीं. माणगांवे यांचा आपल्या गटांत चौथा क्रमांक आला. बत्तीस वर्षांपूर्वीं रणधीर शिंदे ज्या पायरीवर थांबले होते, तीच ती पायरी. त्याच सामन्यांत भारताच्या हॉकी संघानें लागोपाठ पांचव्यांदा सुवर्णपदक मिळविलें. साहजिकच देशाचे डोळे त्या सोन्याकडे लागले, आणि एकट्या मल्लानें आणलेलें कांस्य फारसें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं.

परंतु गोळेश्वर विसरलें नाहीं. कऱ्हाडच्या रेल्वे स्टेशनावर खाशाबा उतरले तेव्हां शंभरांहून अधिक बैलगाड्या त्यांस नेण्यासाठीं उभ्या होत्या. बैलांचीं शिंगें रंगविलेलीं, ढोल-लेझीम चालू, आणि आजूबाजूच्या गांवांतील माणसें रस्त्याच्या दोहों बाजूंस दाटलेलीं. एरव्हीं पाव तासांत संपावयाची ती वाट त्या दिवशीं संपण्यास सात तास लागले. ज्यांनीं वर्गणी दिली होती त्यांस आपल्या पैशाचें सार्थक झालेलें डोळ्यांनीं पाहावयास मिळालें.

सत्कार संपले, हार सुकले. पुष्कळांच्या आयुष्यांत कृतज्ञताही त्यांबरोबरच सुकते. खाशाबांच्या मनांत मात्र प्राचार्यांचें गहाण पडलेलें घर होतें. त्यांच्यापाशीं पैसा नव्हता. होती ती एक विद्या. तीच त्यांनीं कामास लावली. कोल्हापुरांत कुस्त्यांचें मैदान भरविण्यांत आलें, खाशाबा स्वतः त्यांत लढले, आणि मिळालेल्या पैशांतून त्यांनीं प्राचार्यांचें कर्ज फेडून घर सोडवून दिलें. ऑलिंपिकचें पदक गळ्यांत पडल्यावर पुन्हां गांवच्या मातींत इनामासाठीं उतरण्यांत कमीपणा आहे, असें त्यांस वाटलें नाहीं. आमच्या मतें हेलसिंकी येथील विजयाहून हा विजय लहान नव्हे. तेथें त्यांनीं प्रतिस्पर्ध्यांस जिंकलें. येथें ते आपल्या शब्दास जागले.

१९५५ सालीं ते पोलीस खात्यांत उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. खात्यांतर्गत कुस्त्यांत त्यांनीं यश मिळविलें, तसेंच तरुण पोलिसांस खेळाचें शिक्षणही दिलें. सत्तावीस वर्षें सेवा करून ते सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. ही सेवा त्यांनीं निष्ठेनें केली. परंतु निवृत्तिवेतनासाठीं त्यांस उतारवयांत झगडावें लागलें, हें लिहितांना लेखणी अडखळते. ज्यानें शिक्षकाचें ऋण पैन् पै फेडलें, त्यास आपल्या हक्काच्या पैशासाठीं खेटे घालावे लागावे, यांत देशाचा लौकिक वाढला असें म्हणवत नाहीं. १९८२ सालीं दिल्लीस आशियाई सामने झाले, तेव्हां ज्योतीच्या दौडींत त्यांस मानानें सहभागी करून घेण्यांत आलें, एवढा एक आनंदाचा प्रसंग त्या काळांतला. पुढें दोनच वर्षांनीं, १४ ऑगस्ट १९८४ रोजीं, रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. दुसऱ्या दिवशीं देशांत स्वातंत्र्यदिन साजरा झाला.

मरणोत्तर सन्मान पुष्कळ झाले. महाराष्ट्र शासनानें शिवछत्रपति पुरस्कार दिला. भारत सरकारचा अर्जुन पुरस्कार मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनीं जाहीर झाला. २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांच्या वेळीं तेथील कुस्तीच्या प्रेक्षागृहास त्यांचें नांव देण्यांत आलें. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आतां महाराष्ट्रांत राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो. हयातींत मात्र यांतील एकही सन्मान त्यांस पाहावयास मिळाला नाहीं. पद्म पुरस्कारही त्यांस हयातींत लाभला नाहीं. गोळेश्वर येथें त्यांच्या नांवें कुस्तीचें केंद्र उभारण्याची घोषणा झाली, पण काम इतकें रेंगाळलें कीं, २०१७ सालीं त्यांच्या कुटुंबीयांनीं तें पदकच लिलावांत विकून केंद्र उभें करण्याचा विचार बोलून दाखविला. वडिलांच्या कीर्तीची एकमेव खूण विकावयास काढण्याची पाळी मुलांवर यावी, याहून बोलकी गोष्ट दुसरी कोणती असणार?

खाशाबांच्या मागून दुसरें वैयक्तिक पदक भारतास मिळण्यास चव्वेचाळीस वर्षें लागलीं. १९९६ सालीं अटलांटा येथें टेनिसपटू लिअँडर पेस यांनीं तें कांस्यपदक आणलें. कुस्तींतील पुढचें पदक २००८ सालीं बीजिंग येथें सुशील कुमार यांनीं मिळविलें. म्हणजे मध्यें छप्पन वर्षें लोटलीं. आणि महाराष्ट्राच्या सुपुत्रास पुन्हां वैयक्तिक पदक मिळण्यास तर पुरीं बहात्तर वर्षें लागलीं. २०२४ सालीं पॅरिस येथें कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडी गांवचे नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनीं कांस्यपदक जिंकलें, तेव्हां वृत्तपत्रांतून खाशाबांचें नांव पुन्हां एकदां झळकलें. मधल्या काळांत आपल्याकडे गुणी मुलें जन्मलींच नसतील असें आम्हांस वाटत नाहीं. घर गहाण टाकणारे खर्डेकर मात्र विरळा झाले असतील.

पालकांस आमची एक विनंती आहे. आपलें मूल मैदानांत रमतें, तेव्हां तें वेळ वायां घालवितें असा निर्णय घाईनें देऊं नये. खाशाबा शाळा शिकले, कॉलेजांत गेले, आणि पहिलवानही झाले. एकानें दुसऱ्यास अडविलें नाहीं. प्रत्येकास घर गहाण टाकतां येणार नाहीं व तशी अपेक्षाही कोणी करीत नाहीं. पण पहांटे मुलाबरोबर मैदानापर्यंत जाणें, त्याच्या ताटांत दूध व फळ पडेल असें पाहणें, पहिल्या हारीनंतर त्यास घरीं न बसविणें, एवढें आपणांपैकीं बहुतेकांस करतां येईल. गोळेश्वरच्या लोकांनीं दिलेली वर्गणी अशीच लहान लहान होती.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस सांगावयाचें तें थोडेंच. तुमच्यापैकीं कोणी ऑलिंपिकला जाईल किंवा न जाईल. परंतु तुमच्यासाठीं कोणीं तरी कांहीं तरी गहाण टाकलेलें आहे, हें विसरूं नका. कोणाच्या आईचे दागिने असतील, कोणाच्या वडिलांच्या पाठीवर बाजारांतील पोत्यांचें ओझें असेल. तें ऋण ओळखणें ही पहिली पायरी, व तें आपल्या श्रमानें फेडणें ही शेवटची. खाशाबांनीं दोन्ही पायऱ्या चढून दाखविल्या.

येत्या मे महिन्यांत तुमच्यापैकीं जे कऱ्हाडास उतरतील, त्यांनीं गांवची गाडी पकडण्यापूर्वीं घटकाभर वेळ काढून गोळेश्वरास जाऊन यावें. तेथें जाधवांच्या घरास ऑलिंपिक निवास असें नांव दिलेलें आहे. तें दारावरून पाहून आला तरी पुरे. शाळा सुरू झाल्यावर आम्ही तोच प्रश्न वर्गांत पुन्हां विचारणार आहों.